वर केलेला पंजा

मी शिवणकाम करते. बोटभर इकडेतिकडे झालं तर काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरी त्या राउटरने माझी चांगली जिरवली.

माझी ताई जन्मापासून बहिरी. आम्ही दोघी लहानपणापासून हातांनी बोलतो, तेही घरच्या खुणांनी. बाहेरच्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ताई आता लांब एकटी राहते, म्हणून रोज चार वाजता व्हिडिओवर गप्पा. महिन्यापूर्वी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मी विचारलं, "येऊ का?" तिने पंजा वर केला आणि चित्र अडकलं. आमच्यात पंजा वर करून हलवला की 'नको', बोटं आत दुमडली की 'ये'. दोन्हींची सुरुवात एकच. चित्र सुटलं तेव्हा तिचे हात मांडीवर होते. मी आपलं 'नको' धरलं आणि घरी बसले.

ती 'ये' म्हणाली होती. बाई एकटी गेली, एकटी आली, आणि तेव्हापासून माझा फोन उचलेना. तिच्या शेजारणीने सांगितलं तेव्हा मला कळलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिरीमिरीत मी दुकानातला सगळ्यात भारी राउटर उचलून आणला. आठ अँटेना, दिसायला उताणा पडलेला खेकडा. शिवणाच्या खोलीत तो लुकलुकायला लागला की माप द्यायला आलेल्या बायका बिचकायच्या, म्हणून मी त्याला माणूसभर उंचीच्या आरशामागे सरकवला. लेकीला फोन लावून पाहिला, तर चित्र पुन्हा अडकलेलंच. एवढा तालेवार, पण कामाला शून्य!

मग शेजारणीचा निरोप आला: दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे, त्याआधी रविवारी चारला ताई बोलेल. या वेळी चित्र अडकलं असतं तर ताईने माझं तोंड पाहिलं नसतं. मी जावयाला बोलावून घेतलं.

रविवारी दुपारी जावई आला. आरशामागे डोकावला आणि हसायलाच लागला. "आई, आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो. वायफायच्या लहरी त्यावर आपटून परत फिरतात. बिचारा तोंड लपवून बसलाय."

"हसा, जावईबापू, हसा. पण चारच्या आत करा काय ते."

त्याने राउटर काढून कपाटावर ठेवला. मग माझाच शिंप्याचा खडू मागून घेतला आणि हातात फोन धरून घरभर फिरला. उंबऱ्यापाशी, मशीनपाशी, खिडकीपाशी थांबायचा, फोनवरचा रेंजचा आकडा बघायचा, फरशीवर लिहायचा. परत यायचा, राउटर वीतभर सरकवायचा, एक अँटेना आडवी करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मी मशीन थांबवून बघत बसले. गिऱ्हाईक कंटाळलं तरी टाचणी न सोडणारी मी, पण हा माझ्याही वरचढ. अख्ख्या घराचं फिटिंग चाललं होतं.

"आजूबाजूच्या अकरा घरांचे राउटर एकाच वाटेवर गर्दी करतायत," तो म्हणाला. "आपण मोकळी वाट धरू. आणि तुमच्या फोनला पहिला मान. बाबांचा टीव्ही अडकला तर अडकू दे."

"अडकू दे," मी म्हणाले. आतल्या खोलीतून आमचे हे खाकरले.

चार वाजले. ताई दिसली. इतकी स्वच्छ, की तिच्या बाहीची उसवलेली शिवणसुद्धा मला दिसली. मी दोन्ही कान पकडले, चुकले म्हणाले. ती ढिम्म. मग मी हात जोडून विचारलं, "येऊ का?"

तिने पंजा वर केला आणि चित्र थांबलं.

"अडकलं हो," मी जावयावर खेकसले. "पुन्हा तिथेच अडकलं. काय उपयोग तुमच्या त्या आकड्यांचा!"

तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "आई, चित्र चालू आहे. मागचा पडदा बघा."

ताईच्या पाठीमागे खिडकीचा पडदा वाऱ्याने मस्त हलत होता. ताई मात्र पंजा वर धरून, ओठ मिटून, मुद्दाम ताटकळत ठेवत होती मला. महिनाभराचा राग ती तशीच वसूल करत होती. मला रडू फुटलं तसं तिला हसू आवरेना.

मग तिने एक एक बोट सावकाश आत दुमडलं. पाचही बोटं मला नीट दिसली.