मागितल्यास मिळेल

मी जुनी आहे, काळी आहे, तळहाताएवढी आहे आणि कायमची बंद पडलेली आहे. मित्रांनो, मी एक हार्ड डिस्क. मुरुडच्या अलीकडे खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात, किशोरीच्या घरी, भांड्यांच्या फळीवर मी पडून आहे. माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायचं असेल तर आत्ताच उठा.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत आणि त्यांना न टेकता त्यांच्यावरून फिरणारी एक सुई आहे. धुळीचा कण नसलेल्या थंड खोलीत मला घडवलं आणि आणून टाकलं कुठे, तर जिथे खिडकीचे गजसुद्धा खाऱ्या वाऱ्यानं सोलून निघतात तिथे. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तरी माझी तक्रार नव्हती. कारण मला किशोरी मिळाली.

किशोरी कोळ्याची पोर. बाप सदा खाडीत होडी घालतो, आई बाजारात मासळी विकते. घरात पीएचडीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. खाडीच्या वरच्या अंगाला रसायनांचा एक कारखाना आला आणि सदाच्या जाळ्यात मेलेली बोयटं, खाडीतले ते चंदेरी मासे, येऊ लागली. कारखानेवाले म्हणाले, आमचा संबंध नाही. किशोरी म्हणाली, बघू या.

ती बापाच्या होडीतून उधाणाचं पाणी आणायची, भांगाचं म्हणजे लहान भरतीचं पाणी आणायची, चिखल आणायची, मासे आणायची. प्रयोगशाळेतलं यंत्र नमुन्यातली द्रव्यं वेगळी करून त्यांची रेघ काढायचं. रेघेत जिथे सुळका उठतो, तिथे काहीतरी द्रव्य असतं. खाडीच्या पाण्यात कारखान्यातल्या एका द्रव्याचा सुळका पुन्हा पुन्हा उठला. तो यंत्रातल्या घाणीचा नाही हे कळावं म्हणून किशोरी दर वेळी शुद्ध पाणीही यंत्रात घालायची. त्याची रेघ सपाट यायची. त्या सपाट रेघांच्या फायलीही माझ्याच पोटात ठेवल्या. मला फार मोठेपण वाटायचं, मित्रांनो. गावाचं गाऱ्हाणं माझ्या चकत्यांवर लिहिलेलं होतं.

मग लेख लिहायची वेळ आली आणि एक प्रश्न उभा राहिला. या मूळ फायली ठेवायच्या कुठे?

संशोधकांसाठी इंटरनेटवर माहितीची भांडारं असतात. काही भांडारं जे टाकाल ते घेतात, उघडूनही बघत नाहीत. काही खास रसायनशास्त्राची असतात. ती यंत्र कोणतं, पाणी कुठलं, शुद्ध पाण्याची चाचणी केली का, असं खोदून विचारतात. कुठल्याही संगणकावर उघडेल अशा साच्यात फायली मागतात आणि त्या साठ्याला कायमचा क्रमांक देतात. मग जगातला कुणीही येऊन तपासू शकतो. काम कष्टाचं. किशोरीनं तेच निवडलं. रात्रंदिवस खपून सगळं माझ्यावरच तयार केलं आणि तिच्या मार्गदर्शकांकडे, कमलेश सरांकडे गेली.

"सर, इथं ठेवू या. फक्त तुमचा होकार पाहिजे."

"वेडी आहेस का गं? राबायचं आपण आणि मोठमोठ्या संस्थांतले लोक आयत्यावर लेख छापणार?"

"सर, माझी आई बाजारात बसते. गिऱ्हाईक नुसता मासा बघून पैसे काढत नाही, कल्ला उचलून आत बघतं. लाल असला तर घेतं. ती कल्ल्यावर हात ठेवून बसली, तर टोपली तशीच घरी येईल. लेखातले आलेख म्हणजे मासा. या फायली म्हणजे कल्ला."

"किशोरी, हा मासळी बाजार नाही."

"वास तर तोच येतोय, सर."

सर हसले. तीही हसली, आणि सरांनी नाही म्हटलं. "तुझी डिस्क आहे ना? माझ्या कपाटात ठेव. लेख छापून येऊ दे, मग बघू."

मासिकानं विचारलं, मूळ माहिती कुठे मिळेल? सरांनी दोन शब्द ठोकले : मागितल्यास मिळेल. मित्रांनो, मी स्पष्ट सांगते. हे दोन शब्द म्हणजे शुद्ध थाप आहे. मागणाऱ्याला कुणाकडे मागायचं ते कळत नाही, देणाऱ्याला आपण काय ठेवलंय ते आठवत नाही. पण छापताना फार सभ्य दिसतात.

किशोरीला सरांना न विचारताही फायली टाकता आल्या असत्या. तिनं टाकल्या नाहीत. पीएचडी सरांच्या सहीवर अडली होती. ती घाबरली. मी तिला दोष देत नाही, पण झाकूनही ठेवणार नाही.

लेख छापून आला. सदाला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो पान घेऊन बंदरभर फिरला. "माझ्या पोरीनं पान्याचं बिंग फोडलंय," म्हणायचा. किशोरीनं सरांना पुन्हा विचारलं. सर म्हणाले, पुढचा लेख होऊ दे. पुढचा लेख झालाच नाही. पदवी मिळाली, शिष्यवृत्ती संपली. न्हावा शेव्याच्या बंदरात मालवाहतुकीच्या एका कचेरीत ती नोकरीला लागली. मी कपाटात राहिले. मध्यंतरी यंत्र दुरुस्त करायला माणूस आला, त्यानं यंत्राचा संगणक साफ पुसायचा का म्हणून विचारलं. सर म्हणाले, "पुसा. डिस्कवर आहे सगळं." मी आत गंजत होते. कुणी वर्षानुवर्षं मला जोडूनही बघितलं नाही.

मग कारखान्यानं खाडीत सांडपाण्याचा दुसरा पाइप सोडायची परवानगी मागितली. शाळेच्या मैदानात जनसुनावणी लागली. गावाच्या हातात एकच शस्त्र होतं, किशोरीचा लेख. कारखान्याचा तज्ज्ञ शांतपणे उठला. म्हणाला, "आलेख म्हणजे चित्रं. हा सुळका यंत्रातल्या घाणीचाही असू शकतो. शुद्ध पाण्याच्या मूळ फायली दाखवा." रीतसर मागणी झाली. मुदत मिळाली.

कपाटाचं कुलूप रॉकेल घालून उघडावं लागलं. किशोरीनं मला पुसलं, तारेला जोडलं. मी जीव एकवटून फिरले, मित्रांनो. टक्. टक्. टक्. सुई खाली टेकली. जे द्यायचं होतं, ते माझ्याच सुईनं खरवडून टाकलं.

"थांब, थांब, काढ!" सर ओरडले. उशीर झाला होता.

रेवसहून लाँचनं ती मला मुंबईला घेऊन गेली. डिस्क दुरुस्त करणाऱ्या दुकानदारानं मला उघडलं, उजेडात धरलं आणि झाकण परत लावलं. "मॅडम, वरचा थरच गेलाय. दुसरी कॉपी असेल ना?"

दुसरी कॉपी! तेव्हाचं पाणी समुद्रात गेलं. तेव्हाचे मासे कुजून गेले. नव्यानं पाणी तपासावं तर कारखाना आता सावध झालाय, कधी काय सोडतो ते कळत नाही. सुनावणीत लेख बाद ठरला. कमलेश सर म्हणाले, "तांत्रिक अडचण." त्यांची नोकरी शाबूत आहे. गावात मात्र कुजबुज सुरू झाली. पोरीनं कारखान्याचे पैसे खाल्ले, म्हणून तर न्हावा शेव्याला नोकरी लागली.

किशोरीनं मला घरी आणून फळीवर ठेवलं, त्या रात्री सदा जेवता जेवता थांबला.

"किशोरी, तुजा कागूद खोटा व्हता का गो?"

"न्हाय बाबा. खरा व्हता."

"मंग दाखव ना."

 तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. सदानं पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर किशोरी निदान रडली असती.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला कितीही जपलं तरी मी मरणारच, माझ्या जातीचं तेच आहे. तुम्ही उद्या शिकाल, पाणी तपासाल, औषधं बनवाल. तेव्हा काम सुरू करायच्या आधी जागा निवडा. जिथे अनोळखी माणूस तुम्हाला न विचारता येईल, उघडेल आणि तुम्हाला खोटं पाडायचा प्रयत्न करेल, अशी जागा. गुरुजी नको म्हणाले तर भांडा. वाईटपणा आला तरी भांडा. खरं असणं पुरत नाही.

खाडीत दुसरा पाइप पडला आहे. सदानं होडी विकायला काढली आहे, आणि त्या पाण्यातली होडी कुणी विचारत नाही.