दोराचं दुसरं टोक

टाउनोनं हातमोजा दातांनी ओढून काढला, रायफल गुडघ्यावर टेकवली आणि श्वास रोखला. मचाणासमोरच्या झाडीतून हरीण बाहेर येत होतं. दहा टोकांची शिंगं, माजावर आल्यानं मान सुजून रेड्यासारखी झालेली. शिकारीच्या हंगामाचा पहिलाच दिवस, उजाडून तासही झाला नव्हता, आणि असं जनावर आपल्या पायांनी चालत समोर येत होतं.

चापाला बोट लागलं आणि तिथंच थिजलं.

हरणाच्या शिंगांत निळा दोर अडकला होता. तो टाउनोच्या बोटीच्या नांगराचा दोर होता. आपल्या बोटीचा दोर माणूस ओळखणार नाही, तर मग काय ओळखणार?

टाउनोच्या थापा तळ्याकाठी प्रसिद्ध होत्या. एका माशानं म्हणे त्याचं गजराचं घड्याळ गिळलं होतं, आणि तो मासा रोज सकाळी सहाला अख्ख्या तळ्याला उठवायचा. त्यामुळं सप्टेंबरात, मासेमारीच्या स्पर्धेच्या दिवशी, तो बोट घेऊन एकटाच परत आला आणि म्हणाला, ‘विल्होला हरणानं नेलं,’ तेव्हा धक्क्यावरची माणसं पोट धरधरून हसली.

आणि झालं होतं अगदी तसंच. विल्हो हा त्याच्या बहिणीचा, हेल्मीचा नवरा. दोघं तीस वर्षं एकाच बोटीत बसत आलेले. त्या दिवशी दुपारपर्यंत धुकं हललं नव्हतं. बोटीतल्या टाकीत पाच मोठे वॉलआय मासे फिरत होते, पहिला नंबर खिशात होता, आणि तेवढ्यात समोरून एक हरीण पोहत निघालं. विल्होला राहवलं तर शपथ! त्यानं नांगराचा दोर सोडला, फास केला, फेकला, आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं. पुढच्या क्षणी तो बोटीत नव्हता. पाण्यावर त्याचं डोकं लांब लांब जात होतं, आणि तो हसत होता.

“टाउनो! मासे जिवंत ठेव रे!”

मग धुकं मध्ये आलं.

टाउनोनं दोन तास हाका मारल्या. घसा बसला. पण तीन वाजता वजनकाटा बंद होतो, आणि मेलेल्या माशाचं वजन धरत नाहीत. तीनला पाच मिनिटं असताना त्यानं बोट धक्क्याला लावली, आधी मासे काट्यावर ठेवले आणि मग विल्होचं सांगितलं. चुकलं ते इथं. त्या तळ्यावरच्या कुणीही तेच केलं असतं, पण कबूल कोण करणार?

पाणबुडे उतरले, कुत्री फिरली, हाती काही लागलं नाही. माशांच्या आमिषाच्या दुकानातली बाई त्याच आठवड्यात दुकान बंद करून दक्षिणेला निघून गेली होती, मग लोकांनी दोन अधिक दोन पाच केले. हेल्मीनं भावाला एवढंच विचारलं, “माणूस बुडाला असता तर तू मासे मोजत बसला असतास?” त्यानंतर दोन महिने ती त्याच्याशी बोलली नव्हती. नवरा मेला म्हणून रडावं की पळाला म्हणून शिव्या द्याव्यात, हे तिचं ठरत नव्हतं. मधल्या मध्ये काळे कपडे तिनं कपाटातून काढले होते आणि खुर्चीच्या पाठीवर तसेच ठेवले होते.

आता हरीण मचाणापासून वीस पावलांवर होतं. ते पाडलं की दोर हाती येणार होता. दोर हेल्मीच्या टेबलावर टाकायचा आणि म्हणायचं, बघ.

पण दोर जमिनीवर लोळत नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर तो ताठ होता, आणि मागं झाडीत गेलेला होता.

टाउनोनं रायफल खाली केली.

झाडीतून विल्हो आला. संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला निघावं तसा, सावकाश. अंगात स्पर्धेचं पातळ जाकीट, डोक्यावर टोपी. जाकिटातून पाणी ठिबकत होतं. टाउनोच्या मिशांवर श्वास गोठत होता, पण ते पाणी गोठत नव्हतं. मचाणाखाली येऊन विल्होनं मान वर केली.

“पाचही मासे वजनात धरले का रे?”

“नाही. बोटीत दोघं गेले तर दोघांनीच परत यायचं, असा नियम काढला. बाद केलं.”

“च्यायला! भरले किती?”

“चोवीस पौंड.”

विल्होनं शीळ घातली. हरणाचे कान हलले.

“हेल्मीला सांगू नको,” विल्हो म्हणाला.

“काय सांगू नको?”

दोराला हिसका बसला. हरणानं त्याला ओढलं की त्यानं हरणाला हाकललं, ते कळलं नाही. दोघं उतारावरून तळ्याकडं गेले. टाउनो मचाणावरून उतरला आणि बर्फात वाकून बघत राहिला. मग त्यानं रायफलीतली काडतुसं काढून खिशात टाकली आणि सरळ बहिणीचं घर गाठलं.

हेल्मी पेस्टीच्या सारणासाठी बटाटे चिरत होती. दार तिनं उघडलं, पण तोंड फिरवून पुन्हा पाटाशी गेली. टाउनोनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सुरी चालू होती.

“अंगात कोट होता?” तिनं शेवटी विचारलं.

“नाही. स्पर्धेचं जाकीट. ओलं.”

“आणि ती बाई?”

“कुणी नव्हतं गं. तो आणि हरीण.”

“बर्फात पावलं?”

टाउनोनं बुटांकडं पाहिलं. आयुष्यभर त्याला कुठलीही थाप रचायला एवढा वेळ लागला नव्हता.

“फक्त हरणाची होती,” तो म्हणाला.

सुरी थांबली. शेगडीवरचं पाणी उकळून उतू गेलं, फसफसलं. हेल्मीनं हात पुसले, खुर्चीवरचे काळे कपडे मांडीवर घेतले आणि बसली. टाउनोनं जाऊन गॅस बारीक केला.

“तुझ्या थापा मला कळतात,” ती म्हणाली. “घड्याळवाला मासा मी तीस वर्षं ऐकतेय.”

“हो.”

“काय बोलला तो?”

“माशांचं विचारलं. वजन किती भरलं ते.”

“माझं?”

टाउनोनं टोपी हातात फिरवली.

“अरे बोल की!”

“हेल्मीला सांगू नको म्हणाला.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला आणि डोळे भरले.

“हे मात्र तू रचलेलं नाहीस,” ती म्हणाली. “सौनाच्या न्हाणीघराच्या छपरावरून पडून पाय मोडला, तेव्हाही शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य हेच. रात्री उशिरा आला तरी हेच, तलावात बोट हरवली तरी हेच.”

तिनं काळा झगा झटकला आणि तिथंच स्वेटरवरून चढवला. बटणं लावली, गळ्यापर्यंत. मग आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा झग्यावर विल्होचं केशरी जाकीट होतं, कारण हंगामात दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून केशरी घातल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही, आणि हातात त्याची रायफल होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं कधी सशावरही नेम धरला नव्हता.

“उद्या पहाटे मला तुझ्या मचाणावर बसव.”

“हेल्मी, ते हरीण मारू नकोस गं,” टाउनो काकुळतीला आला. “मी नाही मारलं. मारवेना.”

हेल्मीनं नळी उजेडाकडं धरून आत पाहिलं, फुंकर मारली.

“हरणानं माझं काय वाकडं केलंय?”