तपकिरी बाटली आणि थंड उजेड

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतली एक जुनी तपकिरी बाटली आहे. भट्टीतून बाहेर पडले तेव्हापासून माझा रंग हा असा, सांडलेल्या चहासारखा. फळीवरच्या पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या बाटल्या कशा लखलखायच्या, आणि मी आपली बंद कपाटात. फार वाईट वाटायचं हो! पण माझा रंग काही हौसेचा नाही. माझ्या पोटात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. दिसायला थेट पाणी, पण भारी नाजूक. उजेड लागत राहिला की त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि मागे नुसतं पाणी उरतं. माझ्या काचेआड ते टिकतं.

दरवर्षी कुणीतरी विज्ञान प्रदर्शनात थंड उजेड दाखवायला माझ्याकडे येतं. यंदा नववीतली एक मुलगी आली. दिसेल ते वहीत टिपायची, म्हणून सगळे तिला टिपणीबाई म्हणत. ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ल्युमिनॉल नावाच्या रसायनाची चिमूटभर पूड विरघळवायची, मोरचुदाचे दोन थेंब टाकायची, पडदे ओढायची आणि माझ्यातलं पेरॉक्साइड ओतायची. काय सांगू! चंचुपात्र निळंशार उजळायचं. ना ज्योत, ना धग. रसायनांची गाठ पडली की सुटणारी ऊर्जा तिथे उजेड होऊन बाहेर पडते. कोमट पाण्यात उजेड झगझगीत, पण चाळीस सेकंदांत संपायचा. बर्फात मंद, पण चार मिनिटं रेंगाळायचा. ती मोठ्यानं सेकंद मोजायची. कौतुक मात्र सगळं चंचुपात्राचं, माझं नाव कुणी काढलं असेल तर शपथ!

मग परीक्षेमुळे पंधरा दिवस सराव थांबला. तेवढ्यात प्रयोगशाळेची झाडलोट करणाऱ्या, प्रयोगानंतर उरलेलं मोरीत ओतून भांडी धुणाऱ्या मावशींनी मला उचललं. ही कळकट बाटली पाहुण्यांपुढे कशी ठेवायची, असं त्या पुटपुटल्या. भाबडी माया, दुसरं काय! त्यांनी माझ्यातलं एका पांढऱ्या बाटलीत काठोकाठ भरलं, माझी चिठ्ठी तिला चिकटवली आणि ती खिडकीत, उन्हात मांडली. माझ्या तळाशी बोटभर उरलं, आणि मी परत कपाटात गेले. त्या पांढऱ्या बाटलीचं बूच दोनदा टपकन उडालं, तेही त्यांनी दाबून बसवलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रसायनशास्त्राच्या मॅडम निवड करायला आल्या. टिपणीबाईचा प्रयोग त्यांनी अजून पाहिला नव्हता. पडदे ओढले, खिडकीतल्या बाटलीतलं ओतलं, आणि अंधार तो अंधारच. तिनं पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. मॅडमनी दिवा लावून वही चाळली.

"हे आकडे कुठून आणलेस?"

"मोजून लिहिलेत," ती म्हणाली. निवड हुकली असती तर एक वेळ चाललं असतं, पण इथे तिची वहीच खोटी ठरत होती. मला सगळं ठाऊक होतं, पण बाटलीला कुठली वाचा! कपाटात बसल्या बसल्या जीव कासावीस झाला.

तेव्हा दाराशी उभ्या मावशी पुढे आल्या. चार नळ्या फुटल्या म्हणून मागच्याच महिन्यात त्यांना ताकीद मिळाली होती, तरी बोलल्या.

"मॅडम, पोरीला बोलू नका. बाटली मी बदलली. आकडे तिचे खरे आहेत, दाराबाहेरून मी रोज ऐकलेत."

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं आणि त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मला बाहेर काढलं. पडदे ओढताच मावशी सवयीनं बाहेर निघाल्या. प्रयोग चालू असताना कुणी दार उघडू नये म्हणून त्यांना नेहमी बाहेरच उभं करत. टिपणीबाईनं त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

माझ्यातलं उरलंसुरलं पेरॉक्साइड पडलं आणि निळा उजेड फुलला. मॅडमनी वही टिपणीबाईच्या हातात दिली. चूक आपली आहे, मावशींना बाटलीत काय असतं हे आपण कधी सांगितलंच नाही, असं त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हाला उन्हापासून जपा, अंगावर नाव नि तारीख लिहा. आणि आम्हाला धुणाऱ्या-पुसणाऱ्यांनाही कधीतरी पडद्याच्या आत बोलवा.

उजेड विझेपर्यंत मावशी जागच्या हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी हेच मोरीत ओतत होते होय?"