शेंड्याला हात लावू नकोस

छोट्या म्हणायचा तेवढा छोट्या. कानशिलं पांढरी झाली, स्वतःचं सलून झालं, तरी ताईने ठेवलेलं नाव काही सुटलं नाही. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं. म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना तिने त्याला समोरच्या इमारतीतून आपल्या घरी राहायला बोलावलं आणि दाजींना नि कुंडीतल्या झाडाला त्याच्या हवाली केलं.

दाजी अलीकडे विसरायला लागले होते. चष्मा डोळ्यांवर आणि शोध घरभर! पण रोज सकाळी एकटे कोपऱ्यावर जाऊन पेपर आणायचे आणि आले की मोठी मोहीम मारल्यासारखे खुर्चीत बसायचे.

"तेवढं एक तरी त्यांचं त्यांना करू दे," ताई म्हणाली होती. "काही भलतंसलतं केलं, तर मात्र तेही बंद करावं लागेल."

झाडाबद्दलही तिने बजावलं होतं. सुरूसारखं दिसणारं, बारा महिने हिरवं असं ते झाड खिडकीपाशी असायचं. "माती सुकली की पाणी घाल. कुंडी अधूनमधून फिरव, नाहीतर उजेडाकडे झुकतं. आणि शेंड्याला हात लावू नकोस. शेंडा गेला की हे पुन्हा सरळ वर जात नाही."

पण माणूस पडला सलूनवाला! दिवसभर लोकांची डोकी सारखी करणारा. एका दुपारी त्याला डावीकडची फांदी लांब वाटली आणि हात शिवशिवायला लागले. ती छाटली, तर उजवीकडची लांब दिसायला लागली. ती छाटली, तर पुन्हा डावीकडची! असं करता करता झाड पार रोडावलं आणि शेंडा तेवढा काठीसारखा वर राहिला. आता हे बरं दिसतं का, असं म्हणत गड्याने कच्चकन तोही उडवला. मग ताईचं बजावणं आठवलं आणि कात्री हातात तशीच राहिली.

"छान झालं," खुर्चीतून दाजी म्हणाले.

ताई कुबडी टेकत घरी आली ती आधी झाडापाशी गेली. "हे कुणी केलं?"

छोट्याने दाजींकडे पाहिलं. बास, नुसतं पाहिलं. तोंडातून एक शब्द काढला नाही मेल्याने, पण तेवढं पुरलं.

"यांनी?" ताई मटकन पलंगावर बसली.

दाजी गोंधळले. झाडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "कात्री पाहिल्याचं आठवतंय मला. म्हणजे मीच असणार. चुकलं गं माझं."

"कात्री चालवता आणि लक्षातही राहत नाही? उद्या रस्त्यात काय करून बसाल?" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

छोट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, मी कापलं. दाजींनी नाही."

ताईचा चेहरा एकदम निवळला. "त्यांच्यावर पांघरूण घालतोस होय रे? लहानपणापासून असाच तू, दुसऱ्याचं अंगावर घेणारा."

"अगं नाही, खरंच..."

"पुरे. तुला मी एवढं बजावलं होतं. तू कशाला कापशील?"

आता एवढंच म्हणायचं होतं, की हो, बजावलं होतंस, तरी कापलं. पण ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला तो हात गमवावासा वाटेना. स्वतःची किळस आली त्याला. पण तो गप्प राहिला.

दाजी हळूच म्हणाले, "छोट्या, उद्यापासून पेपर आणायला माझ्याबरोबर येत जाशील का रे? एकट्याने नको आता. माझाच मला भरवसा वाटत नाही."

"येईन," छोट्या म्हणाला.