येडशीच्या अळीला बर्फ कशाला?

बोलतेय ती मी, येडशीच्या रानातली अळी. नाक मुरडू नका, आधी ऐकून घ्या. उद्यानंतर मला बोलायला मिळेल की न्हाय, देव जाणे.

वठून पडलेल्या पळसाच्या खोडात माझा जन्म झाला. आईनं सालीखाली अंडी घातली अन् उडून गेली. आमच्यात तशीच रीत आहे. आम्ही भावंडं त्या खोडातच वाढलो. कुजकं लाकूड खायचं अन् त्याची भुसभुशीत माती करायची, हाच आमचा धंदा. कुणाच्या ज्वारीत शिरलो न्हाय, कुणाच्या तुरीला तोंड लावलं न्हाय.

एके दिवशी मुरुमच्या एका शाळेची सहल आली. सोबत विज्ञानाचे गुरुप्रसाद सर. त्यांनी खोडाची साल उचकटली अन् "सापडल्या, सापडल्या!" म्हणून नाचायलाच लागले. झालं! खोडाचा तुकडा आमच्यासकट गोणीत, गोणी बसमध्ये, अन् मुक्काम सरांच्या स्वयंपाकघरात.

तिथं सर बायकोला, विमलबाईंना, समजावून सांगू लागले. लांब उत्तरेकडं बर्फाची रानं असतात. तिथल्या काही अळ्यांच्या अंगात एक प्रथिन असतं. अंगात बर्फाचा बारीक कण झाला की ते त्याला चिकटतं अन् वाढू देत न्हाय. म्हणून त्या अळ्या कडाक्याच्या थंडीतही जगतात. हे खरं आहे बरं का. त्या बहिणींना माझा रामराम. पण सर पुढं म्हणाले, "अळी म्हणजे अळी. तिकडची काय अन् आपली काय! गोठवून परत जित्या करू अन् विज्ञान प्रदर्शनात दाखवू."

वा रे वा! मग माणूस म्हणजेही माणूसच की, सर! तुम्ही स्वतः डिसेंबरात माकडटोपी अन् शाल घेऊन कुडकुडत चहा पिता. तुम्हाला नेऊन ठेवू का त्या बर्फात? आमच्या सात पिढ्यांनी बर्फ बघितला न्हाय. ज्या प्रथिनाची आम्हाला कधी गरजच पडली न्हाय, ते आमच्या अंगात येणार कुठून?

पण विचारतो कोण? येळवसेच्या सकाळी सरांनी माझी भावंडं चिमट्यानं एकेक ओढून स्टीलच्या डब्यात भरली अन् डबा फ्रीजरमध्ये सारला. मी लाकडात खोल होते, चिमटा पोचला न्हाय. "तासाभरानं काढतो," सर म्हणाले.

तेवढ्यात दारात जीप थांबली. सरांचे शेतकरी मित्र महालिंगप्पा आले होते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळी गावं रानात जेवायला जातात.

"चला सर, अंबील वाट बघायलीय."

"जरा काम होतं हो..."

"येळवसला न्हाय म्हणायचं नसतंय! वहिनी, तुमीबी बसा."

गेले की! सांजच्याला शेंगा-पालेभाज्यांची भज्जी अन् ताकातली अंबील पोटभर खाऊन परतले अन् सरळ आडवे झाले. डब्याची आठवण दुसऱ्या दिवशी आली. माझी भावंडं गारगोटीसारखी कडक झालेली. सरांनी त्यांना गच्चीवर उन्हात मांडलं. दुपारपर्यंत ती काळी पडली, अंगातून पाणी सुटलं.

"अहो, मेल्या ह्या," विमलबाई म्हणाल्या.

"झोपल्यात. उठतील."

"झोपलेल्याला असला वास सुटतो व्हय?"

सरांनी नाकाला रुमाल लावला. पण शाळेतल्या पोरांनी प्रदर्शनासाठी तक्ता रंगवून ठेवला होता, 'गोठूनही जिवंत!' मग सरांनी लाकूड फोडलं, मला बाहेर काढलं, बरणीत घातलं अन् उमरग्याच्या विज्ञान प्रदर्शनात नेऊन मांडलं.

"ही खरंच गोठली होती?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"व्हय मॅडम, अख्खा दिवस अन् रात्र फ्रीजरमध्ये. आता बघा, कशी वळवळतीय!"

मी वळवळत नव्हते हो, संतापानं थयथयाट करत होते! मेली माझी भावंडं, अन् टाळ्या माझ्या नावानं! खोटं बोलताना सरांची जीभही अडखळली न्हाय. पहिला नंबर मिळाला. परीक्षकबाई हसत म्हणाल्या, "छान! आता धाराशिवला जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्यासमोर गोठवून दाखवा." तेव्हा कुठं सरांचा चेहरा पडला.

उद्या ते प्रदर्शन आहे. थर्माकोलचा डबा, बर्फ, मीठ, सगळी तयारी झालीय. मी फ्रीजवर बरणीत आहे. आत्ताच नवरा-बायकोची जुंपली होती.

"खरं सांगून टाका की," विमलबाई म्हणाल्या. "कशाला हिच्या जिवावर उठलाव?"

"एका किड्यापायी मी चारचौघांत मान खाली घालू?"

"मग मरंल ती!"

"बघू. एखादवेळेस वाचंलबी."

न्हाय वाचणार, सर. हे तुम्हाला ठाऊक आहे अन् मलाही. गच्चीवर तुम्हीच बघितलंत. नंबर तुम्ही घ्यायचा अन् गोठायचं मी, हा कुठला न्याय? येत्या उन्हाळ्यात मला पंख फुटणार आहेत. मी भुंगा होणार आहे. मला उडायचंय हो!

उद्या एवढंच करा. बर्फाच्या डब्याला हात लावायच्या आधी सगळ्यांना सांगा, ही अळी कधी गोठलीच नव्हती. लोक हसतील. हसू द्या. हसण्यानं तुम्ही मरणार न्हाय. बर्फानं मी मरेन.