तहानलेली सोयाबीन

हे तुम्ही खरं मानणार नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो. माझ्या सोयाबीनने यंदा सरकारी माणसाच्या कपातला चहा पिऊन टाकला.

इंझोरीच्या फाट्यावर, पंचफुलाबाईच्या चहाच्या दुकानात मी असं म्हटलं, तर शेजारचा उकंडराव म्हणाला, "गोविंदसिंग, तुह्या खऱ्यावरबी कोनी इश्वास ठेवत नाई. चालू दे."

ऐका तर. यंदा घरात एकच गोष्ट ठरायची होती. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन गेली, तर माझा राजपाल आणि सून चंदा ऊसतोडीला जाणार नव्हते. नाही गेली, तर मुकादमाचा ट्रक फाट्यावर उभा राहणारच होता.

पहिल्या खेपेला केंद्रावरून परत आलो. दाणा टपोरा, माती नाही, काडी नाही. पण नियम असा, की दाण्यात ओलावा बारा टक्क्यांच्या वर नको. नियम काही वेडा नाही. ओला दाणा गोदामात बुरशी धरतो, हे आम्हालाही कळतं. पण कापणीला आमच्याकडे पाऊस येतो आणि दिवाळीला दव, हे बारा लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. व्यापारी ओला दाणाही घेतो. भाव तेवढा कोरडा देतो.

मग चंदाने समाजमंदिराच्या ओट्यावर सोयाबीन पसरली. अनवाणी पायांनी चर पाडत ती दिवसभर त्यात फिरायची, दाणा उलटायची. ऊन उतरलं की वर ताडपत्री. ताडपत्रीवर माझी गोधडी.

"अन् तू काय पांघरलं?" उकंडरावने विचारलं.

"थापा," पंचफुलाबाई चहा गाळता गाळता म्हणाली.

तर दाणा असा वाळला, की पोत्याला कान लावला तर आतून खोकल्याचा आवाज यायचा. दुसऱ्या खेपेला पोती घेऊन ट्रॅक्टर तलावाजवळून निघाला, तर सगळं पाणी रस्त्याकडच्या काठाला सरकलं. मागून दूधवाला आला. त्याच्या कॅनमध्ये नुसती पावडर!

"त्याच्या कॅनीत दूध होतं कवा?" उकंडराव म्हणाला.

केंद्रावर तपासणाऱ्याने मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले. आकडा खाली उतरला, शून्यावर टेकला आणि मग उलटा चालू लागला. कपातला चहा आटला, तळाशी साखर उरली. त्याच्या कपाळावरचा घाम गेला. पावतीवर शिक्का मारायला गेला, तर शाईचं पॅड खडखडीत.

"बुढेबुवा," तो हात जोडून म्हणाला, "पास, पास! फक्त ही पोती माह्या हिरीपासून दूर ठेवा!"

उकंडराव हसून हसून ठसकला. मग मीही रंगात आलो. तिथूनच मी राजपालला म्हटलं, लाव मुकादमाले फोन. सांग, यंदा आमी येत नाई. चंदाने बांधलेली भांडी सोडली, पाण्याची घागर जागेवर ठेवली. आत्ता घरी जाऊन पाहा, चुलीपुढं बसून भाकरी थापत असेल ती...

"खोटं!"

पंचफुलाबाईने गाळणी पातेल्यावर आपटली. उकंडरावचं हसू थांबलं.

"साफ खोटं, काका. मशीननं दुसऱ्या खेपेलेबी तेराच दाखवले. वापस आनायचं भाडं नको म्हनून तुमी सोयाबीन तिथंच यापाऱ्याले देऊन आले. काल सकाळी चंदा इथूनच ट्रकात चढली. पायाच्या भेगांले चिंध्या बांधल्या होत्या तिनं. वर चढता चढता मले म्हने, 'काकू, मामाजीले चहासंगं काही खायलेबी देत जा. घरी आता चूल पेटनार नाई.'"