सातवी सीट

नवी गाडी दारात आली त्याच संध्याकाळी विजयसिंहकाकांनी जाहीर करून टाकलं, "मे महिन्यात सगळ्यांनी निघायचं. डोंगर, तळी, जंगलं. अंतरा, तू लाग कामाला. फोनवर तुझ्याइतकं शोधणारं या घरात दुसरं कोण न्हाय."

अंतरा चौदा वर्षांची होती. जन्मापासून तिच्या कंबरेखाली ना जोर होता, ना तिथं काही जाणवायचं. राजारामपुरीत खाली काकांचं टाइल्सचं दुकान आणि वर घर. अंतराची चाकाची खुर्ची पहिल्या मजल्यावर रस्त्याकडच्या खिडकीशी असायची. लहान होती तोवर तिचे वडील, सम्राट, तिला उचलून जिना उतरवायचे आणि शाळेत सोडायचे. मग ती वाढली, सम्राटची पाठ धरायला लागली, आणि शाळा परीक्षेपुरती उरली. सम्राट भावाच्याच दुकानात बसायचा. घरात काय आणायचं, कुठं जायचं, हे काका ठरवायचे.

काकांनी आपल्यावर काम टाकलं याचा अंतराला इतका आनंद झाला की त्या रात्री ती जेवली नाही. पुढचे दोन महिने ती त्यातच होती. बेळगाव, हुबळी करत म्हैसूर गाठायचं. तिथून नागरहोळेचं जंगल, मग बंदीपूर. बंदीपूरचा रस्ता रात्री बंद असतो, म्हणून उजेडात पार करायचा. मग उटीचं तळं, कोडाईकनालचं तळं, आणि शेवटी थेक्कडी, जिथं होडीतून हत्ती दिसतात. तमिळनाडूत वर चढायला गाडीचा पास लागतो, तोही तिनं काढला. सफारीच्या वेळा विचारल्या. प्रत्येक हॉटेलवाल्याला तिनं स्वतः फोन केला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. कोडाईला तर एका म्हाताऱ्या घरमालकाला तिनं दरवाज्याचा आणि मोरीचा व्हिडिओ काढून पाठवायला लावला.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळे हॉलमध्ये बसले. काका, क्रांतीकाकी, त्यांचा कॉलेजला जाणारा राजवीर, धाकटी तेजस्वी, आणि सम्राट. अंतराची आई संयोगिता सगळ्यांना चहा देऊन आत स्वयंपाकाला लागली होती. अंतरानं फोन टीव्हीला जोडला आणि सगळा रस्ता दाखवला. काका मांडीवर थाप मारत होते. "लई भारी! एजंटाच्या बापाला जमायचं न्हाय असलं."

कोडाईचं घर आलं. समोर हिरवळ, त्याच्यापुढं तळं.

"घर झकास हाय," क्रांतीकाकी म्हणाली. "पण वरच्या मजल्यावरनं तळं जास्त चांगलं दिसलं असतं की. खालचं का घेतलंस?"

"पायऱ्या न्हाईत म्हणून," अंतरा म्हणाली. "मोरीचं दार पण रुंद हाय. खुर्ची सरळ आत जाते."

राजवीरनं बापाकडं पाहिलं. टीव्हीवर घरमालकाचा हात मोरीचं दार उघडून दाखवत होता.

"कुणाची खुर्ची?" काकांनी विचारलं.

"माझी."

"अगं, तू कशी येणार?"

ते रागानं बोलले नव्हते. त्यांना खरंच नवल वाटलं होतं, आणि तेच अंतराला सहन झालं नाही.

"सात सीटा हाईत," ती म्हणाली. "आपण सात माणसं हाय."

"सात कुठली? संयोगिता तुझ्याजवळ राहणार. आम्ही पाच. मागच्या सीटा पाडून बॅगा ठेवायच्या. पंधरा दिवसांचं सामान हाय, मांडीवर घ्यायचं काय?"

"टपावर कॅरियर बसतो. मी बघून ठेवलाय. खुर्ची त्याच्यावर बांधायची."

"नव्या गाडीच्या टपावर?" क्रांतीकाकी म्हणाली. "चरे पडतील की पत्र्याला." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आणि बाळ, वाटेत तुझं धुणं-पुसणं कोण करणार? हॉटेलात पोरं जेवत असतात."

अंतरानं बापाकडं पाहिलं. सम्राट चहाच्या रिकाम्या कपात बघत होता.

तेवढ्यात संयोगिता दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं. अंतराला वाटलं, आता आई बोलेल. संयोगिता बोललीही.

"दादा, मी येणार हाय."

"कुठं?"

"तुमच्याबरोबर. एक सीट पाडा, दुसरीवर मी बसतो."

"आणि हिचं कोण बघणार?"

"आजऱ्याहून चिमणाआत्तींना आणा. पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय."

काकांनी सम्राटकडं पाहिलं, सम्राटनं काकांकडं. एवढ्या वर्षांत संयोगितानं काहीच मागितलं नव्हतं, त्यामुळं नाही कसं म्हणायचं हे कुणाला चटकन सुचलं नाही. "बघा बाबा तुमचं तुम्ही," काका म्हणाले, आणि बैठक मोडली.

रात्रीचं अंथरूण घालताना अंतरानं आईला विचारलं, "मला टाकून जाणार?"

"आत्ती हाईत की."

"मला सोडून येत न्हाय म्हणाली असतीस तर काकांनी मला पण नेलं असतं."

"नेलं नसतं," संयोगिता म्हणाली. "तुला बी ठाऊक हाय. चौदा वर्षं मी हा जिना उतरलो तो भाजीला आणि तुझ्या दवाखान्याला. मला एकदा जायचंय."

"जा की मग. परत आली न्हाईस तरी चालंल."

संयोगितानं तिच्या पायांवर चादर ओढली आणि दिवा बंद केला. त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत दोघी कामापुरत्याच बोलल्या. संयोगितानं महाद्वार रोडवरून स्वतःला बूट आणले. पांढरे, मुलींच्या पायात असतात तसले. घरात घालून चालून बघताना ती अंतराच्या खोलीत आली नाही.

चिमणाआत्ती, सम्राटची चुलत आत्या, सत्तरीची, दम्यानं बेजार. सकाळी गाडी निघाली तेव्हा ती अंतराला म्हणाली, "खिडकीत लोटू काय? हात कर की." अंतरा म्हणाली, "नको." खालून हॉर्न वाजला, तेजस्वीची आरोळी ऐकू आली, मग रस्ता नेहमीसारखा झाला.

तासाभरातच फोन वाजला. राजवीर होता. "ए अंतरा, निपाणीच्या पुढं चांगला नाश्ता कुठाय गं?"

तिनं सांगितलं. मग दुपारी फोन, संध्याकाळी फोन. म्हैसूरला गाडी कुठं लावायची, जंगलाच्या कुठल्या फाटकातून आत जायचं, पास कुठल्या मेलवर आहे. ती सगळं सांगत गेली. फोनवर मागून आईचा आवाज यायचा. आई तेजस्वीशी गाण्याच्या भेंड्या खेळत होती. एकदाही आईनं फोन घेतला नाही.

इकडं चिमणाआत्तीला अंतराला उचलणं जमत नव्हतं. कूस बदलायची तर आत्ती खोकत खाली बसायची. "राहू दे आता. तुझी आई येईल तवा करंल," म्हणायची. दुपारभर अंतरा उताणी पडून असायची. माकडहाडापाशी कातडं आधी सोलवटलं, मग हाताला ओलं लागायला लागलं. तिथं तिला दुखत नव्हतं, नुसता वास यायचा, आणि तो आपला आहे हे तिला कळत होतं.

उटीचे फोटो आले त्या दिवशी आत्ती बाहेर झोपली होती. पहिल्या फोटोत काका होते, मग सगळे. तिसऱ्यात आई एकटी. होडीत, अंगात नारिंगी जाकीट, केस वाऱ्यानं विस्कटलेले, तोंड उघडून हसत होती. अंतरानं फोटो मोठा केला. आईचे मागचे दात तिनं कधी पाहिले नव्हते. आईच्या एका दातात चांदी भरलेली आहे हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कोडाईचा घाट चढायला लागले तेव्हा तिनं घरमालकाला कळवलं की आम्ही येत नाही. म्हातारा हळहळला. व्हीलचेअरवाल्या मुलीला तळं दाखवायचं होतं, म्हणाला. पुढच्या वर्षी या. सीझन ऐन भरात होता. त्यानं अर्ध्या तासात घर दुसऱ्याला दिलं.

दुपारी काकांचा फोन आला. गाडीतल्या स्पीकरवरून बोलत होते, सगळ्यांचा गलका येत होता. "अंतरा, इथं दुसरीच माणसं उतरलीत की! म्हातारा म्हणतोय तुम्हीच न्हाय म्हणून सांगितलं."

"व्हय. मी रद्द केलं."

"का?"

"मला येता आलं न्हाय म्हणून."

मग काका बोलले, पण तिच्याशी नाही. "ऐकलंस, संयोगिता? ही तुझी पैदास. आणि हिला न्यायचं का म्हणून तू दोन महिने आमच्या मागं लागली होतीस. आम्ही न्हाय म्हटलं ते हिला सांगितलंच न्हाईस व्हय?" फोन बंद झाला.

अंतरा फोन हातात धरून बसली. आई काकांना विचारत होती, हे तिला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं तिला नंतर राजवीरनं सांगितलं. साऱ्या कोडाईत जागा नव्हती. गावाबाहेर एक खोली मिळाली, चौघांची. काका म्हणाले, "हे असंच चालणार असंल तर पुढचं बुकिंग बी ती पोरगी मोडून ठेवंल. संयोगिता, तू जा घरी आणि तिला धर." सम्राटनं डिकी उघडली आणि बायकोची बॅग काढून रस्त्याकडेला ठेवली. संयोगिता त्याला एवढंच म्हणाली, "तुम्ही येत न्हाय?" तो म्हणाला, "दादाची गाडी हाय. मी काय बोलू?" तो राहिला. चौघं खोलीत आणि तो गाडीत झोपला. पुढं थेक्कडीला त्यानं हत्तीही पाहिले.

संयोगिता तीन बस बदलत आली. सकाळी जिना चढली तेव्हा बुटांवर लाल माती होती. तिनं आत्तीकडं पाणी मागितलं, पिऊन सरळ अंतराच्या खोलीत आली आणि दारातच थबकली. वास तिलाही आला.

तिनं अंतराला कुशीवर वळवलं. जखम बघितली. आत्तीला हाक मारली नाही, शिवी दिली नाही. गरम पाणी आणून ती धुवायला बसली.

"मारणार हाईस?" अंतरानं भिंतीकडं तोंड करून विचारलं.

"न्हाय."

"मला ठाऊक नव्हतं, तू काकांना विचारत होतीस ते."

"ठाऊक असतं तर काय केलं असतंस?"

संयोगितानं पाण्यात फडकं बुडवून पिळलं.

"एक सांगतो," संयोगिता म्हणाली. "दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. गाडी कागलच्या पुढं गेली आणि मला तुझी आठवण आली न्हाय. उटीपर्यंत आली न्हाय. मी मुद्दाम विसरत नव्हतो. आलीच न्हाय."

"कळत होतं मला," अंतरा म्हणाली. "फोनवर तुझा आवाज यायचा."

संयोगितानं मान हलवली आणि जखमेवर मलम लावलं.

जखम भरायला पावसाळा गेला. काका अंतराशी परत बोलले नाहीत. समोर आली तर तेजस्वीला सांगायचे, "तिला सांग, टीव्ही बारीक कर." सम्राट दुकानात बसायचा, वर येऊन जेवायचा. बायको त्याला वाढायची, पण बोलणं गरजेपुरतंच ठेवायची.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा गेले, हिमाचलला. बेत राजवीरनं दार लावून केला. पाचजण गेले. सम्राटही गेला. संयोगिताला कुणी विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. गाडी निघाली त्या सकाळी ती अंतराची नखं काढत होती. खाली हॉर्न वाजला. अंतरानं आईच्या चेहऱ्याकडं बघितलं.

"मी नसतो तर तू गेली असतीस," ती म्हणाली.

"व्हय," संयोगिता म्हणाली. "हात हलवू नको. कापंल."